रजिस्टरातला पाचवा रकाना

लोणावळा,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय आसावरी,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिनांच्या चार रेघांत नीट बसणारं. नागपूरची हवा तुला मानवते असं तू लिहितेस, मला ते खरं वाटत नाही, पण असो. कानाच्या नव्या यंत्राची सवय झाली का? फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं आणि सगळ्या घराला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळं ठीक. गुडघे त्यांच्या मर्जीनं वागतात. घरात ओल इतकी की कपाटातल्या साड्या कुबट झाल्यात आणि कोरी पाकिटं आपोआप चिकटून बसलीत. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत येते. सोमवारी श्रीयश तळेगावला कारखान्यात गेला की घर जरा शांत होतं. चैताली, माझी सून, परवा म्हणाली, "आई, तुम्ही हल्ली फार दचकता हो. नुसती बेल वाजली तरी." मी म्हटलं, वय झालं.

कपाट आवरताना आपल्या चौथीच्या वर्गाचा फोटो सापडला. तू पुढचे दोन दात पडलेली आणि तरीही हसणारी, मी तुझ्या खांद्यामागे अर्धी लपलेली. लाकडी जिन्यावरून एका रांगेत उतरायचो, जिन्यात ओल्या रेनकोटांचा वास असायचा, आणि कुणी बोललं की सिस्टर नुसत्या वळून बघायच्या. तेवढं पुरायचं. तशी नजर मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी जमली नाही.

एक आनंदाची बातमी. आमच्या पोस्टमनची, सावळाची मुलगी रूपा डॉक्टरीला लागली. सरकारी कॉलेजात, आदिवासींच्या राखीव जागेवर. सावळा तुला आठवत असेल. नाणे मावळात, कामशेतहून वर करंजमाचीला मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा पहिलीत आलेलं ठाकरवस्तीतलं पोर. आता बावन्न वर्षांचा आहे. पेढे घेऊन आला आणि आत ये म्हटलं तरी पायरीवरच उभा राहिला. "बाई, हे समदं तुमच्यामुळं," म्हणाला. मी पेढा हातातच धरून ठेवला. गोड हल्ली सोसत नाही मला.

आता कामाचं. आमच्या वाचन मंडळात आम्ही काही गाजलेले कोर्टाचे निकाल घेतले आहेत. जातीच्या दाखल्यांच्या तपासणीबद्दलचे सुप्रीम कोर्टाचे तीन निकाल आहेत म्हणे, एक १९९४चा, एक २०१७चा आणि एक दोन वर्षांपूर्वीचा, ठाकरांच्या प्रकरणातला. तू हायकोर्टात तीस वर्षं काढलीस, तर मला सोप्या भाषेत लिहून पाठवशील का? त्यातही एक मुद्दा. शाळेच्या रजिस्टरात एखाद्याची जात आधी एक होती आणि मग ती बदललेली दिसली, तर कोर्ट काय समजतं? आणि ज्यानं बदलली त्याचं काय होतं? मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

हे पत्र नेहमीसारखं सावळाच्या हातात देत नाही. स्टेशनजवळच्या पेटीत टाकून येते. तेवढेच पाय मोकळे होतील.

तुझी,
पद्मी


लोणावळा,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय आसावरी,

तुझं अकरा पानांचं उत्तर तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "पद्मी, तुमच्या गावात वाचन मंडळ कधीपासून आहे?" तू वकील आहेस हे मी विसरले होते. मंडळ नाही. कधीच नव्हतं.

प्रश्न सावळाचा आहे. म्हणजे रूपाचा.

तू लिहिलंस ते मी माझ्या शब्दांत मांडून बघते, चुकलं तर सांग. खऱ्या आदिवासींच्या जागा दुसरेच लोक खोटे दाखले काढून घेत होते. दोन बहिणींच्या प्रवेशावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९४च्या त्या निकालातून तपासणी समित्या आणि त्यांची दक्षता पथकं आली. २०१७ साली कोर्टानं सांगितलं, की दाखला अवैध ठरला तर मिळालेलं सगळं परत जाईल. नोकरीला किती वर्षं झाली, माणसाचा हेतू चांगला होता की वाईट, हे काही आड येणार नाही. आणि २०२३ साली म्हणालं, की तुमचा देव कोणता, लग्नात काय करता, एवढ्यावरून माणसाची जमात ठरवता येणार नाही. जुन्या कागदाला, त्यातही राज्यघटनेच्या आधीच्या, सगळ्यात जास्त वजन.

किती न्याय्य आहे हे सगळं! मी टीव्हीवर बघितलं असतं तर मान डोलावली असती. मागे पुण्यात बोगस आदिवासींच्या विरोधात मोर्चा निघाला, तेव्हा सावळानं रजा टाकली होती आणि तो पहिल्या रांगेत होता. परत आला तेव्हा घसा बसलेला. "बाई, आमच्या ताटातलं वढून नेत्यात ही लोकं," म्हणाला. आज त्याच सावळाला समितीची कारणे दाखवा नोटीस आली आहे. आपलाच रजिस्टर टपालाचा लखोटा त्यानं आपल्याच सहीनं घेतला.

रूपाच्या दाखल्यासाठी बापाची शाळेतली नोंद तपासली. करंजमाचीच्या जुन्या रजिस्टरात पाचवा रकाना जातीचा. तिथे सावळाच्या नावापुढे 'हिंदू ठाकर' आहे, पण त्याखालचा कागद ब्लेडनं खरवडलेला आहे. शाई वेगळी. शेजारी ना सही, ना तारीख, ना वरिष्ठांच्या आदेशाचा क्रमांक. खाली पुसट 'मराठा' वाचता येतं. आणि तळेगावच्या ज्या शाळेत तो पाचवीला गेला तिथे स्वच्छ अक्षरात 'मराठा' आहे. म्हणजे समितीच्या नजरेत हे कुटुंब मूळचं मराठा, नोकरीसाठी कागद खरवडून ठाकर झालेलं. सावळाच्या बापाच्या, हौशीरामच्या, जन्माची नोंद वडगावच्या तहसिलीत मिळाली असती तर प्रश्न मिटला असता. त्या वर्षाची पानं वाळवीनं खाल्ली आहेत.

सुनावणी ९ सप्टेंबरला आहे. दाखला अवैध ठरला तर रूपाची जागा जाईल. सावळाची तेहतीस वर्षांची नोकरी जाईल. शिवाय फसवणुकीचा गुन्हा.

पथक आधी वस्तीवर गेलं होतं. सावळाची आई सावित्राबाई अजून वरच राहते. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, पण चढ माझ्यापेक्षा झपाट्यानं चढते. गेल्या आठवड्यात खाली आली तेव्हा ओट्यावर बसून मला सांगत होती,

"दोगं आलं व्हतं. येक पोलीस, पर साध्या कापडात. येक वहीवाली पोरगी. मला म्हन्ली, आजी, तुमचा देव कुटला? म्या म्हन्लं, वाघोबा. तर म्हन्ती, गनपती बसवता का? म्या म्हन्लं, पोरं बसवत्यात. लगीच लिवून घेतलं तिनं. बाई, गनपती बसवला की मानूस ठाकर ऱ्हात न्हाई व्हय?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"मंग म्हन्ली, लग्नात काय काय करता? म्या म्हन्लं, तुमच्यावानीच जेवतो, फकस्त रुसत न्हाई." आणि हसली. मग हसू विरलं. "रूपीचं व्हईल ना वो बाई? तुमी शिकल्याली मानसं. तुमाला काय वाटतं?"

मी तिला चहा दिला.

आता पुढचं. गेल्या मंगळवारी ते दोघं माझ्याकडेही आले. त्या शाळेत तेरा वर्षं मीच होते ना. इन्स्पेक्टर खुर्चीच्या कडेवर बसले. संशोधन अधिकारी असलेली मुलगी, अमृता तिचं नाव, तिशीतली असेल, फार मऊ बोलणारी. तिनं फोनवर रजिस्टराच्या पानाचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. आसावरी, सेहेचाळीस वर्षांनी आपलं अक्षर असं समोर येतं ना, तेव्हा ते आपल्याकडे बघतं.

"मॅडम, हे अक्षर तुमचं?"

"असेल."

"ही खाडाखोड कधीची?"

चैताली दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मागच्या भिंतीवर जिल्हा परिषदेच्या आदर्श शिक्षिका पुरस्काराची तसबीर. मी म्हटलं, "आठवत नाही."

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

तेव्हापासून जेवण जात नाही. दारात गाडी थांबली की मी पडद्याआडून बघते. सावळा रोज साडेअकराला येतो, फाटकाची कडी वाजते, आणि मी आतल्या खोलीत जाऊन चैतालीला पुढे करते. पोस्टमनला घाबरणारी बाई कधी ऐकलीस?

तू काही विचारू नकोस. मीच लिहीन.

पद्मी


लोणावळा,
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

प्रिय आसावरी,

आज शिक्षक दिन. सकाळी इथल्या एका शाळेनं मला बोलावून शाल, श्रीफळ आणि एक रोपटं दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक छोटी मुलगी माईकवर म्हणाली, "पद्मजाबाईंनी डोंगरातल्या मुलांना अक्षर दिलं." मी खाली मान घालून बसले. सगळ्यांना वाटलं, बाई भारावल्या.

आता सांगते. पत्र एका बैठकीत लिहिते आहे, नाहीतर पुन्हा गुडघ्यांवर आणि ओलीवर येईन.

ती खाडाखोड माझी. आणि तिच्याखालचं 'मराठा' हेसुद्धा माझंच.

जून १९७९. मी तेवीस वर्षांची. एकशिक्षकी शाळा, म्हणजे मीच गुरुजी, मीच हेडमास्तर, मीच शिपाई. माझ्या आधी कोंडाजी गुरुजी होते, त्यांनी मला चार्ज दिला आणि ते खालच्या गावी गेले. त्याच आठवड्यात वस्तीवरची पाच पोरं मी हाताला धरून आणली आणि रजिस्टर उघडलं. खालच्या गावातली मुलं ठाकरांच्या पोरांना 'रानटी' म्हणायची, त्यांच्या अंगावरून वारा आला तरी नाक धरायची, हे मी येताजाता बघत होते. पाचव्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. आणि मग मी पाचही जणांपुढे 'हिंदू मराठा' लिहिलं. एकदा कागदावर आलं की पुढे तळेगावात, पुण्यात कोण विचारणार? पोरं ताठ मानेनं बसतील. इतकं सोपं वाटलं मला ते! त्या दिवशी चढ उतरताना मी गाणं म्हणत होते, हेही आठवतं. इन्स्पेक्टरना मात्र 'आठवत नाही' म्हणाले.

सरकारनं त्या एका शब्दासाठी काय काय ठेवलं होतं, आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, राखीव जागा, याची मला जाणीवच नव्हती. आपण दोघी कॉन्व्हेंटच्या मुली. आपल्याला जात म्हणजे न बोलायची गोष्ट एवढंच शिकवलं होतं. ते न बोलणं ही चैन आहे, हे कुणी शिकवलं नाही.

आणि हे मी कुठे शिकले, तुला माहीत आहे. माझे बाबा आम्हाला सोडून कल्याणला दुसऱ्या बाईकडे राहायला गेले होते. प्रवेशाच्या दिवशी आई टेबलासमोर उभी राहून नुसती पदराशी चाळा करत होती. सिस्टर फिलोमिनांनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि वडिलांच्या रकान्यात स्वतःच लिहिलं: हयात नाहीत. मला कुणी कधी काही विचारलं नाही. मुली माझ्यावर माया करायच्या. मला वाटायचं, देवदयेनं भरलेला रकाना असाच असतो.

मग सातवीत ते आले. तू माझ्याजवळ होतीस. व्हरांड्याच्या खिडकीतून आपण बघितलं, फाटकाशी बाबा, हातात पेरूंची पिशवी. वॉचमन त्यांना सांगत होता, "त्या पोरीचा बाप वारलाय, कागदावर आहे." बाबा दोन पावलं मागे सरले. तू माझा हात ओढलास, चल म्हणालीस. मी गेले नाही. गेले असते तर सगळ्या शाळेला कळलं असतं. ते पुन्हा कधी आले नाहीत. आपण दोघींनी पंचावन्न वर्षांत हे एकदाही बोललेलं नाही.

इतकं बघूनही मी तेच केलं.

आता दुसरी गोष्ट. त्या पाचांपैकी सावळा एकटाच पाचवीला तळेगावच्या वसतिगृहात गेला, माझ्या सहीचा शाळेचा दाखला घेऊन. बाकीच्या चौघांना कधी दाखला लागलाच नाही. दोन वर्षांत सावळा तिथून पळून परत आला, का ते त्यानं सांगितलं नाही. पुढे कामशेतला दहावी झाला. १९९२ साली पोस्टात भरती निघाली आणि तो माझ्याकडे आला. "बाई, दाखल्यावर मराठा कसं काय? आमी तर ठाकर." तेव्हा तरी खरं सांगून, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करून नोंद रीतसर दुरुस्त करता आली असती. पण अर्जात लिहावं लागलं असतं, की चूक कुणाची. माझं नुकतंच पुरस्कारासाठी नाव गेलं होतं. मी म्हटलं, "अरे, ते कोंडाजी गुरुजींनी लिहिलेलं. चार्ज द्यायच्या आधी त्यांनीच नावं घातली होती." तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि यांच्या दाढीच्या ब्लेडनं तो शब्द खरवडला. कागद इतका पातळ झाला की ठाकर लिहिताना निब आरपार जाईल अशी भीती वाटली.

आधी मी खोटी नोंद केली, आणि मग ती खरी करताना अशी केली की आता खरीच खोटी दिसते.

मी न सांगताच ओळखून तू लिहिलेली ओळ समोर आहे: "प्रतिज्ञापत्र दिलंस तर ते त्यांच्या उपयोगी पडेल, पण तुझ्यावर कारवाई होऊ शकते. आधी 'आठवत नाही' म्हणालीस, तेही अंगावर येईल. वकील घेतल्याशिवाय जाऊ नकोस." श्रीयशला काल सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. एकोणसत्तर वर्षांची बाई पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणार का? पेन्शन बंद केलं तर? पेपरात नाव आलं तर?" वाईट नाही गं तो. घाबरला आहे. माझाच मुलगा.

मीही घाबरले आहे, आसावरी. तुरुंगाला, पेपरातल्या नावाला. पण त्याहून जास्त भीती वेगळीच आहे. समितीसमोर बोलण्याआधी हे सावळाला सांगावं लागेल. तो मला बाई म्हणतो. उद्यापासून काय म्हणेल?

हे पाकीट मी आज चिकटवत नाही. परवा करंजमाचीला जाते. तिथे हे त्याला आणि सावित्राबाईला वाचून दाखवीन, मगच तुला पाठवीन. तोंडानं सांगायला गेले तर मी पुन्हा काहीतरी बरं दिसेलसं बोलेन. मला माझी खोड माहीत आहे.

पद्मजा


लोणावळा,
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय आसावरी,

वरचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे.

काल सावळाच्या स्कूटरवर मागे बसून गेले. शेवटचा चढ पायी. त्याला वाटत होतं, बाई आपल्या आईला धीर द्यायला चालल्यात. वाटेत तीनदा दगडावर बसवलं मला, पाणी दिलं. प्रत्येक वेळी वाटलं, इथूनच परत फिरावं, गुडघ्यांचं कारण आयतंच होतं.

सावित्राबाईनं घोंगडी अंथरली. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. 'शाल, श्रीफळ' पर्यंत ती कौतुकानं ऐकत होती. मग 'ती खाडाखोड माझी' आलं. मान वर न करता शेवटपर्यंत वाचलं. बाबांचंही वाचलं. 

सावळानं माझ्या हातातले कागद बघितले. मग म्हणाला, "मंग कोंडाजी गुरुजींनी न्हवतं व्हय लिवलं?"

"नाही."

"आमी त्यांच्या मयतीला बी गेलो न्हाई, बाई."

मला हे माहीत नव्हतं. कोंडाजी गुरुजी बारा वर्षांपूर्वी वारले. त्यांनी ठाकरांच्या पोरांची जात पुसली, असं वस्तीवर सगळ्यांच्या मनात होतं. मयतीला एकाही घरातून माणूस गेलं नाही. ते मरणापर्यंत विचारत असत म्हणे, माझं काय चुकलं.

मग सावित्राबाई बोलली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"बाई, तुमी मराठा लिवलं तवा आमाला इचारलं व्हतं का?"

मी मान हलवली.

"ठाकर म्हनून घ्यायची आमाला लाज वाटती, आसं तुमाला कुनी सांगितलं? तुमची तुमालाच वाटली."

"आये, ऱ्हाऊ दे," सावळा म्हणाला.

"का ऱ्हाऊ दे? आयकू दे त्यास्नी." ती माझ्याकडे वळली. "हा तळेगावला व्हता ना, तवा म्या करवंदाची पाटी घिऊन गेलते. पायी गेलते. फाटकावर हुबी ऱ्हायले. ह्यो बाकीच्या पोरांसंगं आला, मला बगितलं. पोरांनी इचारलं, कोन रं ही? तर म्हन्ला, आमच्या गावची हाय येक बाई. मराठ्याची आय आशी आसंल व्हय, लुगडं गुडघ्यावर, हातभर गोंदन?"

सावळा उठून बाहेर गेला. म्हणजे म्हणूनच तो तिथून पळून आला होता. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी सांगितलं नाही.

"म्या पाटी तितंच ठिवली आन् आले," सावित्राबाई म्हणाली. "करवंदं लय गोड व्हती त्या साली."

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं खांदे धरून थांबवलं. "पाया नका पडू. परवा तितं जाऊन सांगा. नीट, मोठ्यांदा सांगा. मला जसं वाचून दावलं तसं."

उतरताना सावळा निसरड्या जागी हात पुढे करत होता. घराशी आल्यावर मी हे पाकीट दाखवलं आणि म्हटलं, "यात अजून एक पत्र घालीन, परवा तूच टाक." त्यानं हातात घेऊन तोललं, सवयीनं. "जड हाय. जादा तिकीट लागंल. न्हाईतर पत्र घेनारीकडनं दंड घेत्यात." मी तिकिटं आणून दिली. त्यानं ती माझ्यासमोर चिकटवून बघितली, आणि मग म्हणाला, "परवा फाटकाशी सातला येतो. रूपी बी हाय संगं."

बाई म्हणाला नाही. काही दुसरंही म्हणाला नाही.

तू सांगितलेला वकील मिळाला आहे. कामशेतचा तरुण मुलगा आहे, बरा वाटला. प्रतिज्ञापत्र दोन पानांचं झालं. सेहेचाळीस वर्षं दोन पानांत बसतात हे बघून मला रडू आलं, तर तो मला पाणी विचारायला लागला. समिती विश्वास ठेवेलच असं नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. म्हातारी जुन्या विद्यार्थ्यासाठी खोटं बोलते, असंही त्यांना वाटू शकतं. माझ्या अक्षराचा नमुना घेतील. घेऊ देत. चारच रेघांत बसणारं अक्षर आहे, ते ओळखू येईल. कोंडाजी गुरुजींचं नाव मी त्यात मुद्दाम घातलं आहे: नोंद त्यांनी केलेली नाही.

श्रीयशनं सकाळपासून माझ्याशी बोलणं टाळलं आहे. पण आता संध्याकाळी माझ्या चपला पुसून दाराशी ठेवलेल्या दिसल्या.

पिशवीत औषधं, आधार कार्ड, तो आपला चौथीचा फोटो. तो का घेतला, मला सांगता येणार नाही.  भीती जराही कमी झालेली नाही. मला वाटलं होतं खरं बोलायचं ठरवलं की ती जाते. तसं काही नसतं.

त्या दिवशी व्हरांड्यात तू माझा हात ओढला होतास, आसावरी, आणि मी खिडकीतच उभी राहिले होते. उद्या सातला फाटकाशी कुणीतरी उभं असेल.

मी जाते आहे.

तुझी,
पद्मी